‘रात्रीची गृहभेट’ : एका न्यायनिर्णयाचें परीक्षण

न्यायालयांचे निर्णय हा वाङ्मयाच्या मासिकाचा विषय होय कीं नाहीं, अशी शंका कित्येक वाचकांस येणें साहजिक आहे. वकिलांच्या कपाटांतील जाडजूड निर्णयसंग्रह वकिलांनींच वाचावे, इतरांनीं आपल्यावर प्रसंग येईल तेव्हां वकील गांठावा, अशी आपल्या सुशिक्षित घरांतील सर्वसाधारण रीत आहे. परंतु न्यायनिर्णय हा गद्याचाच एक प्रकार आहे. त्यांत एक कथा असते, एक प्रश्न असतो, पूर्वपक्ष व उत्तरपक्ष असतात, आणि शेवटीं लेखकाला कांहीं तरी ठरवावें लागतें. निबंधकाराला आपला निबंध ‘असेंही म्हणतां येईल, तसेंही म्हणतां येईल’ असा अधांतरीं सोडतां येतो. न्यायाधीशाला ती सवलत नसते. त्याच्या एका शब्दाच्या निवडीवर कोणाच्या तरी घराची कडी अवलंबून असते. म्हणून अशा गद्याचें परीक्षण काव्यनाटकांच्या परीक्षणाहून कमी अगत्याचें आहे, असें आम्हांस वाटत नाहीं.

प्रस्तुत परीक्षणासाठीं आम्हीं घेतलेला निर्णय ‘खरकसिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य’ या नांवानें प्रसिद्ध आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें तो १८ डिसेंबर १९६२ रोजीं दिला. प्रकरण सहा न्यायाधीशांपुढें चाललें. बहुमताचा लेख न्यायमूर्ति राजगोपाल अय्यंगार यांचा असून, न्यायमूर्ति सुब्बाराव यांनीं स्वतःच्या व न्यायमूर्ति शहा यांच्या वतीनें भिन्न मत लिहिलें आहे. न्यायालयाच्या वॉरंटावांचून पोलिसांनीं खाजगी घरांत कोणत्या आधारावर व कोठवर शिरावें, हा त्यांतील मुख्य प्रश्न. साठ वर्षें उलटून गेलीं, त्यांतील अर्धा भाग पुढें रद्दही ठरला. तरी या निर्णयाचें वाचन आजही बोधप्रद आहे, कारण त्यांत जें चांगलें आहे तें कां टिकलें आणि जें कच्चें आहे तें कोठें तुटलें, हें त्याच्या रचनेंतच दिसून येतें.

कथाभाग थोडक्यांत असा. १९४१ सालीं दरोड्याच्या एका प्रकरणांत पोलिसांनीं खरकसिंगास गुंतविलें. पण त्याच्याविरुद्ध पुरावाच न मिळाल्यामुळें फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १६९ व्या कलमान्वयें त्यास सोडून द्यावें लागलें. त्यास शिक्षा झाली नाहीं. खटलासुद्धां उभा राहिला नाहीं. तथापि ठाण्यांत त्याच्या नांवाचें ‘हिस्ट्री-शीट’ मात्र उघडलें गेलें. त्याची पुढील तक्रार अशी कीं, चौकीदार व शिपाई रात्रीं-अपरात्रीं घरीं येतात, दार ठोठावतात, आरडाओरड करतात, आंत शिरतात व आपणांस झोंपेंतून उठवितात. कित्येकदां तर तसेंच उठवून ठाण्यावर हजेरी देण्यास नेतात. आणि परगांवीं जावयाचें झाल्यास आधीं वर्दी द्यावी लागते. ज्या गुन्ह्याचा पुरावा दिवसा न्यायालयांत सांपडला नाहीं, त्याची शिक्षा रात्रीं घरपोंच मिळत होती, असें या तक्रारीचें सार काढल्यास तें वावगें होणार नाहीं.

पोलिसांनीं आपल्या समर्थनार्थ उत्तर प्रदेशाच्या पोलीस नियमावलींतील २३६ वा नियम पुढें केला. या नियमानें पाळतीचीं सहा अंगें सांगितलीं होतीं: घरावर व घराच्या वाटांवर गुप्त पहारा, रात्रीच्या गृहभेटी, चालचलणूक, संगत, मिळकत, खर्च व धंदा यांची वेळोवेळीं चौकशी, माणसाच्या ये-जेबद्दल शिपाई व चौकीदार यांनीं द्यावयाची वर्दी, चौकशीपत्रें पाठवून त्या ये-जेची पडताळणी, आणि हें सर्व हिस्ट्री-शीटांत टिपून ठेवणें. आम्ही भाषेचे अभ्यासक असल्यामुळें आमची दृष्टि प्रथम ‘गृहभेट’ या शब्दावर खिळली. मराठींत ‘भेट’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत: कोणी आवर्जून येऊन आपणांस भेटणें, व कोणी प्रेमानें आपणांस कांहीं देणें. दोन्ही अर्थांत घरधन्याची खुशी गृहीत आहे. मूळ इंग्रजी शब्दही असाच साळसूद आहे. मध्यरात्रीं दार बडवून निजलेल्या माणसास उठविण्याला ज्या लेखणीनें हें नांव दिलें, तिला आपण काय करीत आहों हें ठाऊक नव्हतें असें कोण म्हणेल? कठोर कृत्याला मवाळ नांव देणें हा सरकारी गद्याचा जुना गुण आहे. तो ओळखतां येणें ही नागरिकत्वाची पहिली इयत्ता होय.

न्यायमूर्ति अय्यंगार यांचें पहिलें श्रेय असें कीं, ते या शब्दाला फसले नाहींत. त्यांनीं सरळ कोश उघडले व ‘गृहभेट’ म्हणजे अधिकाऱ्यांनीं खाजगी घरांत तपासणीसाठीं वा झडतीसाठीं जाणें, हा अर्थ पक्का केला. नंतर ते जें लिहितात, तो या निर्णयाचा उत्तम भाग होय. जीवित म्हणजे नुसतें श्वासोच्छ्वास चालू असणें नव्हे; झोंप ही तर पशूच्याही जीविताची गरज आहे; तेव्हां माणसाच्या घरांत घुसून त्याची झोंप मोडणें हें त्याच्या शरीरस्वातंत्र्यावरील आक्रमण होय, असा त्यांचा युक्तिवाद आहे. त्यासाठीं ते १६०४ च्या सेमेन-प्रकरणांतील प्रसिद्ध तत्त्वाचा, म्हणजे ‘प्रत्येकाचें घर हा त्याचा किल्ला’ या वचनाचा आधार घेतात. मोठमोठ्या तत्त्वांचा मेळ झोंपेसारख्या साध्या व सर्वांच्या अनुभवाच्या गोष्टीशीं घालणें, हें चांगल्या गद्यलेखकाचें लक्षण आहे. हा भाग वाचतांना कोणत्याही वाचकास, तो कायद्याचा कितीही अजाण असो, प्रश्न काय आहे हें तत्काळ समजतें. या युक्तिवादावर बहुमतानें रात्रीच्या गृहभेटींचें पोटकलम घटनाबाह्य ठरविलें.

पण हाच लेखक थोडें पुढें जाऊन लिहितो कीं, खाजगीपणाचा हक्क आपल्या घटनेनें दिलेलाच नाहीं. म्हणून घराबाहेरचा गुप्त पहारा, चौकशा, ये-जेच्या नोंदी यांनीं कोणताही मूलभूत हक्क दुखावत नाहीं. येथें वाचक थबकतो. घरांत शिरणें वाईट कां, तर घर हा माणसाचा किल्ला म्हणून. आणि किल्ल्याभोंवतीं रात्रंदिवस वेढा घालून बसणें मात्र निर्दोष कां, तर आंतल्या माणसाला एकांताचा हक्कच नाहीं म्हणून! मग किल्ला कशासाठीं बांधला? एकाच निबंधांत दोन लेखकांनीं आळीपाळीनें लिहावें तसें हें झालें आहे. न्यायमूर्ति सुब्बाराव यांनीं नेमकें या सांध्यावर बोट ठेविलें. ज्याच्या प्रत्येक पावलावर पोलिसाची नजर आहे, त्याला सारा देशच तुरुंग होतो, या आशयाचें त्यांचें प्रतिपादन आहे. आणि एकांत हा शरीरस्वातंत्र्याचाच अवयव असल्यामुळें सबंध २३६ वा नियमच रद्द व्हावा, असा त्यांचा निष्कर्ष आहे. रचनेच्या दृष्टीनेंही त्यांचें मत सरस उतरलें आहे. तें आटोपशीर आहे, त्यांतील विचार पहिल्या वाक्यापासून शेवटल्यापर्यंत एकाच दिशेनें जातो, आणि त्यास अर्ध्या वाटेवर आपलेंच म्हणणें गिळावें लागत नाहीं. २४ ऑगस्ट १९१७ रोजीं नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे २४ ऑगस्ट २०१७ रोजीं, नऊ न्यायाधीशांच्या पीठानें पुट्टस्वामी-प्रकरणांत खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचें एकमतानें सांगितलें व खरकसिंग-निर्णयांतील उलट विधान रद्द केलें. भिन्न मताला न्याय मिळावयास पंचावन्न वर्षें लागलीं, एवढाच या तारखेवरील विनोदाचा अर्थ.

येथवर आमचें मत बहुतेक कायदेपंडितांहून वेगळें नाहीं. परंतु या निर्णयांत एक दुसरा दोष आहे, व तो बहुमत आणि भिन्न मत या दोहोंतही आहे. गृहभेटी रद्द झाल्या त्या केवळ त्या वाईट होत्या म्हणून नव्हे, तर २३६ व्या नियमाला कायदेमंडळाच्या कोणत्याही अधिनियमाचा आधार नव्हता म्हणूनही. तो नियम म्हणजे खात्याच्या अंतर्गत सूचना होत्या. घटनेच्या २१ व्या कलमाप्रमाणें माणसाचें स्वातंत्र्य ‘कायद्यानें’ घालून दिलेल्या पद्धतीवांचून हिरावतां येत नाहीं. येथें कायदाच नव्हता. तेव्हां पुढील प्रश्न उरलाच नाहीं. ‘कोणत्या कायद्यानें आंत आलांत?’ असा सवाल न्यायालयानें केला, व उत्तर मिळालें नाहीं म्हणून पोलिसांस बाहेर काढलें. हा सवाल योग्य आहे, पण तो पुरेसा आहे काय?

या सवालाचें घराणें जुनें आहे. ११ नोव्हेंबर १७६२ रोजीं लंडनांत जॉन एंटिक नांवाच्या एका लेखकाच्या घरांत सरकारचे चार दूत शिरले. एंटिक हा शाळामास्तर व कोशकार. ‘मॉनिटर’ नांवाच्या सरकारविरोधी साप्ताहिकांत तो लिहितो, असा त्याच्यावर वहीम होता. दूतांपाशीं कागद होता, पण तो न्यायाधीशाचा नव्हे, तर लॉर्ड हॅलिफॅक्स या मंत्र्याचा. चार तास त्यांनीं घर धुंडाळलें, खासगी कागदपत्रें वाचलीं व नेलीं. एंटिकानें दूतांवर दावा लावला. पंचांनीं ३०० पौंड भरपाई दिली. आणि १७६५ सालीं मुख्य न्यायाधीश लॉर्ड कॅम्डन यांनीं निकाल दिला कीं, मंत्र्याला असा हुकूम काढण्याचा अधिकार देणारा कायदा असेल तर तो पुस्तकांत दाखवा. पुस्तकें गप्प असतील तर अधिकार नाहीं. राज्याच्या गरजेची सबबही त्यांनीं मानली नाहीं. माणसाचे कागद ही त्याची सर्वांत जिवलग मालमत्ता होय, हा त्यांचा विचार तर प्रत्येक लेखकानें ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. या प्रकरणाचा एक धडा असा कीं, हातांत कागद आहे एवढ्यानें तें वॉरंट होत नाहीं; तो कोणी लिहिला, कशासाठीं लिहिला, व त्यांत काय शोधावयाचें तें नमूद आहे कीं नाहीं, हें पाहावें लागतें. पण दुसराही धडा आहे. ‘पुस्तकांत कायदा दाखवा’ या सवालाचें सामर्थ्य पुस्तकें गप्प असेपर्यंतच टिकतें. उद्यां कोणी पुस्तकांत कायदा लिहून आणला, म्हणजे सवाल करणाराच निरुत्तर होतो.

आपल्याकडे हें अक्षरशः घडलें. १९७५ सालीं गोविंद नांवाच्या माणसाचें प्रकरण मध्य प्रदेशांतून सर्वोच्च न्यायालयांत आलें. तक्रार खरकसिंगाचीच, नियमही त्याच धाटणीचे व त्यांत गृहभेटी होत्याच. फरक एवढाच कीं, या नियमांना १८६१ च्या पोलीस अधिनियमाच्या ४६ व्या कलमाचा आधार असल्याचें न्यायालयास आढळलें. त्याबरोबर १९६२ चा किल्ला कोसळला. न्यायमूर्ति मॅथ्यू यांनीं नियम अगदीं मर्यादित अर्थानें वाचावेत, ज्यांच्या वर्तनावरून गुन्हेगारीचाच निश्चय दिसतो त्यांच्यापुरतेच ते वापरावेत, व असले जुने नियम सुधारावेत असें बजावलें, हें खरें. पण नियम कायम राहिले. तेंच दार, तीच रात्र, तीच थाप. १९६२ सालीं ती बेकायदा होती, १९७५ सालीं तिला कायद्याचा टेकू मिळाला. दार तेवढेंच जाड राहिलें. पलीकडचा कागद बदलला.

मग या दाराला घटनेंतच अडसर कां घातला गेला नाहीं? या प्रश्नाचें उत्तर वाचकांस कदाचित् आश्चर्यकारक वाटेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९४७ सालीं ‘राज्यें आणि अल्पसंख्यांक’ या आपल्या मसुद्यांत, अमेरिकेच्या घटनेच्या चौथ्या दुरुस्तीच्या धर्तीवर, घर, देह व कागदपत्रें यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण देणारें कलम घातलें होतें. मूलभूत हक्कांच्या उपसमितींतही त्याचा विचार झाला. त्यावर बेनेगल नरसिंग राव व अल्लादि कृष्णस्वामी अय्यर यांनीं हरकत घेतली. न्यायालयाच्या वॉरंटावांचून झडतीच नाहीं असें ठरलें, तर पोलिसांच्या तपासाला जबर धक्का बसेल, असें राव यांचें म्हणणें होतें. कलम गळालें. पुढें डिसेंबर १९४८ मध्यें मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद काझी सय्यद करीमुद्दीन यांनीं तशीच सूचना घटनासभेंत मांडली. डॉ. आंबेडकरांनीं ती मान्य करण्याची तयारी दर्शविली. यांतील तरतुदी फौजदारी संहितेंत आहेतच, पण त्या कायदेमंडळाच्या आवांक्याबाहेर ठेवणें व्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीनें इष्ट होईल, असा त्यांचा अभिप्राय होता. तरीही ती सूचना अखेर फेटाळली गेली. १९५४ सालीं आठ न्यायाधीशांनीं शर्मा-प्रकरणांत याच अभावाकडे बोट दाखवून म्हटलें कीं, घटनाकारांनीं जें घातलें नाहीं तें आम्ही ओढूनताणून आणणार नाहीं. अशा रीतीनें दाराचें संरक्षण घटनेच्या हातून सुटून सामान्य कायद्याच्या हातीं राहिलें.

तेव्हां त्या सामान्य कायद्याचेंही गद्य वाचून पाहावें. जुन्या फौजदारी संहितेचें १६५ वें कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचें १८५ वें कलम झालें आहे. वॉरंट नसतां पोलीस अधिकाऱ्यानें झडती केव्हां घ्यावी, हें तें सांगतें. तपासाला आवश्यक अशी वस्तु आपल्या हद्दींतील एखाद्या जागीं सांपडेल असें मानण्यास वाजवी कारण पाहिजे. ती वस्तु दुसऱ्या मार्गानें अवाजवी विलंबावांचून मिळणार नाहीं, असें अधिकाऱ्याचें मत पाहिजे. हें कारण, व शक्य तोंवर ती वस्तु कोणती हेंही, त्यानें आधीं लिहून काढलें पाहिजे. शक्य असल्यास झडती स्वतः घेतली पाहिजे. आणि त्या लेखाची प्रत मॅजिस्ट्रेटकडे पाठविली पाहिजे, नव्या संहितेप्रमाणें ४८ तासांच्या आंत. घरधन्यानें मागितल्यास त्यास ती प्रत विनामूल्य मिळावी. अन्य कलमांनीं त्याच वस्तींतील दोन प्रतिष्ठित पंच, जप्त वस्तूंची यादी, झडतीच्या वेळीं घरधन्याची उपस्थिति, आणि स्त्रीच्या अंगझडतीस स्त्रीच, हे निर्बंध घातले आहेत. नव्या संहितेनें झडतीचें दृक्श्राव्य चित्रण करण्याचेंही बंधन घातलें आहे.

कायद्याचें गद्य म्हणून हें कलम आम्हांस आवडतें. यांत ‘भेट’ नाहीं; झडतीला झडतीच म्हटलें आहे. आणि याचा गाभा एका क्रियापदांत आहे: लिहिणें. अधिकाऱ्यानें आधीं लेखणी उचलावी, मग पाऊल. लिहावयास बसलें कीं माणसाला आपला संशय व आपली लहर यांतील भेद दिसूं लागतो. हा अनुभव आम्हां लेखन शिकविणाऱ्यांस नित्याचा आहे. पुष्कळदां मनांत भरभक्कम वाटणारें कारण कागदावर उतरवूं जातां एका ओळींत संपतें. म्हणूनच राजस्थान सरकार विरुद्ध रहमान या, १९६० च्या निर्णयसंग्रहांत आलेल्या, प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें कारणें न लिहितां घ्यावयास निघालेली झडती बेकायदा ठरविली, व तिला अडविणाऱ्यास दोषी धरलें नाहीं.

पण याही कलमांत एक मूलभूत उणीव आहे. लिहितो कोण? आंत शिरणारा. तें प्रथम वाचतो कोण? तोच. मॅजिस्ट्रेटपुढें तो कागद जातो तेव्हां कपाटें उघडलेलीं असतात, गाद्या उलट्या झालेल्या असतात, व शेजारीपाजारी दारांत उभें राहून सगळें पाहून गेलेले असतात. परीक्षार्थ्यानें स्वतःच आपली उत्तरपत्रिका तपासावी, व निकाल लागल्यावर ती परीक्षकाकडे पाठवावी, असा हा प्रकार आहे. बरें, कारण लिहिलेंच नाहीं तर? झडती बेकायदा ठरेल; परंतु १९७३ च्या पूरणमल-निर्णयानुसार बेकायदा झडतींत सांपडलेला पुरावा, तो प्रस्तुत असेल तर, केवळ त्या कारणानें बाद होत नाहीं. म्हणजे वाट चुकीची असली तरी मुक्कामीं पोंचल्याचें फळ मिळतेंच. अमेरिकेंत याच्या उलट वाट धरली गेली. १९५७ सालीं क्लीव्हलंड शहरांत पोलीस एका स्त्रीच्या घरांत घुसले; त्यांनीं एक कागद वॉरंट म्हणून नाचविला, जो पुढें न्यायालयांत कोणालाच दाखवितां आला नाहीं. शोधावयास गेले होते बाँबच्या प्रकरणांतील संशयित, व खटला भरला तो सांपडलेल्या अश्लील पुस्तकांवरून. १९६१ सालीं मॅप-प्रकरणांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें असा पुरावा राज्यांच्या न्यायालयांतही चालणार नाहीं असें ठरविलें.

यावर राव यांचा आक्षेप पुन्हां उभा राहतो, व तो हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. ठाण्यापासून मॅजिस्ट्रेटची कचेरी दूर. वॉरंट आणावयास माणूस जाईतों चोरीचा माल विहिरींत पडेल, कागद चुलींत जाईल, किंवा आंत डांबलेल्या मुलाचा जीव जाईल. अशा वेळीं दारांत तिष्ठत राहणारा फौजदार कोणाला हवा आहे? आम्हांलाही नको. सेमेन-प्रकरणांतही किल्ल्याचें तत्त्व सांगतांना, राजाच्या कामासाठीं आलेल्या अधिकाऱ्यानें आपण कशाकरितां आलों तें सांगून दार उघडण्याची विनंती करावी, आणि तें न उघडल्यास मग दार मोडावें, अशी मुभा दिलेलीच आहे. किल्ला अभेद्य असावा असें कोणीच म्हटलेलें नाहीं. म्हणणें एवढेंच कीं, निकडीच्या वेळीं मिळालेली मुभा निकड संपल्यावर उरूं नये. व निकड होती कीं नव्हती, याचा निवाडा निकडीच्या नांवानें आंत शिरणाऱ्यानें करूं नये.

आमच्या सुशिक्षित वाचकांपैकीं कित्येकांस वाटेल कीं, हा प्रश्न हिस्ट्री-शीटवाल्यांचा आहे. आपल्या दारावर थाप पडत नाहीं, घंटी वाजते. त्यांना आम्ही पुण्यांतील एका घराचें स्मरण देतों. २४ जून १९०८ रोजीं लोकमान्य टिळकांना मुंबईंत अटक झाली, व त्यांच्या पुण्याच्या घराची झडती झाली. खटला होता ‘केसरी’ंतील लेखांवरून, म्हणजे जे हजारों लोकांनीं उघड वाचले होते अशा मजकुरावरून. त्यासाठीं घर धुंडाळण्याचें कारण काय? पण झडतींत एक कार्ड सांपडलें. त्यावर स्फोटक द्रव्यांवरील दोन पुस्तकांचीं नांवें लिहिलेलीं होतीं. सरकारच्या नव्या स्फोटक-कायद्यावर टीका करावयाची म्हणून तीं टिपून ठेविलीं होतीं, हा टिळकांचा खुलासा. तरी तें कार्ड त्यांच्या हेतूचा पुरावा म्हणून न्यायालयापुढें आलें, आणि त्या खटल्याचा शेवट सहा वर्षांच्या शिक्षेंत झाला. आमच्या टेबलाच्या खणांत आज किती अशीं कार्डें असतील! लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसाचे कागद अर्धवट असतात. त्यांना त्याच्या मनाचा संदर्भ जोडल्याशिवाय अर्थ नसतो. झडती कागद उचलते, संदर्भ मागें ठेवते. ही गोष्ट शाळामास्तर एंटिकास १७६२ सालीं कळली, आपणांस १९०८ सालीं कळली, आणि खरकसिंगाला ती कागदांवांचूनच कळली होती.

नव्या संहितेंतील चित्रणाबद्दलही येथें दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. चित्रणयंत्र हा न दमणारा व फितूर होण्यास कठीण असा पंच आहे, म्हणून आम्ही त्याचें स्वागत करतों. पण तें दाराच्या आंत घडलेलें टिपतें. दाराबाहेर कारण वाजवी होतें कीं नव्हतें, हें त्यास दिसत नाहीं. शिवाय तें पोलिसांबरोबर माजघरही पाहतें. झडती कशी झाली याचा तो उत्तम साक्षीदार होईल; झडती कां झाली याचा मात्र साक्षीदार अजूनही तो लिहिलेला कागदच आहे.

तात्पर्य, खरकसिंग-निर्णय हा आम्हांस एका उत्कृष्ट परिच्छेदाचा पण दुभंगलेल्या रचनेचा निबंध वाटतो. झोंप मोडण्याचें दुःख त्यानें ओळखलें, पण तें दुःख कशाच्या अभावामुळें होतें तें ओळखलें नाहीं. सुब्बारावांनीं तें ओळखलें, व २०१७ सालीं त्यांना न्याय मिळाला. मात्र पुट्टस्वामी-निर्णयानेंही हक्कावरील मर्यादेची कसोटी सांगतांना कायद्याचें अस्तित्व, उद्देशाची योग्यता व उपायाची प्रमाणबद्धता यांची मागणी केली आहे. ती कसोटी प्रत्येक ठाण्यांतील कागदापर्यंत पोंचवावयाची अजून राहिली आहे. ‘कायदा आहे काय?’ हा सवाल पहिला होय, शेवटचा नव्हे. त्यापुढील सवाल असा: आंत शिरणाऱ्याचें कारण त्याच्याहून वेगळ्या कोणी शिरण्यापूर्वीं वाचलें काय? आणि निकडीमुळें वाचतां आलें नसेल, तर मागाहून वाचणाऱ्याला तें नाकारण्याचा, व त्या नकारानें झडतीचें फळ हिरावून घेण्याचा, अधिकार आहे काय? जेथें या दोहोंचें उत्तर ‘नाहीं’ असेल, तेथें घराला भिंती आहेत, दार नाहीं.

आपल्या जुन्या घरांत दाराला आंतून आगळ असे. ती चोरासाठीं होती असें आपण मुलांना सांगत आलों. खरकसिंगास चोरापासून रक्षण करणाऱ्यांपासूनच दार लावून घ्यावयाचें होतें, व त्यासाठीं त्याला गांवाहून दिल्लीपर्यंत यावें लागलें. त्याच्यावरील गुन्हा सिद्ध झाला नव्हता, त्याचा आवाज मोठा नव्हता, आणि त्याच्या बाजूनें लिहिणारें मासिकही नव्हतें. अशा माणसाच्या दारावर ज्या गोष्टी चालूं दिल्या जातात, त्यांवरच आपल्या दाराची मजबुती ठरत असते, हें आम्ही सुखवस्तु माणसें फार उशिरा समजतों.